भाड्याचे संगणक-सामर्थ्य : मर्यादित निधीतील नियोजन

वसई-विरारचा परिसर हा जसा केळीच्या वाड्यांचा, सुकेळीचा आणि विड्याच्या पानांचा, तसाच तो बोलींचाही परिसर आहे. कादोडी या नावानेही ओळखली जाणारी सामवेदी बोली, वाडवळी आणि पूर्वेकडील डोंगरपट्ट्यातील वारली या बोली येथे पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जात आहेत. नागरीकरणाच्या रेट्यात नव्या पिढीच्या तोंडून त्या मागे पडत आहेत. मानवी वाणी ऐकून तिचे लेखन करणारे संगणकीय साधन या बोलींसाठी तयार झाले, तर वृद्धांचे बोलणे, गाणी आणि शेतीविषयक अनुभव यांचा मोठा ठेवा अक्षरबद्ध करता येईल. वसई, विरार व पालघर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले हे काम आहे. अडचण एकच असते. त्यासाठी लागणारे संगणक-सामर्थ्य विकत घेणे सामान्य संस्थेला परवडत नाही.

या अडचणीवरील उपाय म्हणजे असे सामर्थ्य भाड्याने घेणे हा होय. गावातील प्रत्येक घरी पिठाची गिरणी नसते. धान्य गिरणीवर नेले जाते आणि दळणापुरते पैसे दिले जातात. संगणकाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. मात्र दळणाचा हिशेब ज्यास येत नाही त्याचे पैसे आणि पीठ दोन्ही वाया जातात. म्हणून या व्यवहाराची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

सामायिक यंत्राची परंपरा

महागडे यंत्र एकाने उभारावे व अनेकांनी वापरावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि देशातील इतर संशोधन संस्थांनाही त्याचा लाभ मिळाला. १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. याच केंद्राचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील बलाढ्य महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानास मंजुरी दिली. त्याअन्वये खाजगी सेवादात्यांची यंत्रे विद्यार्थी, संशोधक, नवउद्योग व शासकीय संस्था यांना सवलतीने उपलब्ध करून देण्याची व्यवस्था मार्च २०२५ पासून सुरू झाली. पात्र प्रकल्पांना खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते. २०२५ च्या अखेरीपर्यंत या व्यवस्थेत ३८ हजारांहून अधिक जी.पी.यू. समाविष्ट झाले होते व त्यांचा सवलतीचा दर ताशी सुमारे ६५ रुपये असल्याचे शासनाने जाहीर केले होते. अल्प निधी असलेल्या संस्थेने प्रथम या दारी जावे हे उघड आहे. अर्ज, छाननी व मंजुरी यांस वेळ लागतो, हे मात्र वेळापत्रक आखताना ध्यानी ठेवावे.

जी.पी.यू. म्हणजे काय?

जी.पी.यू. हा संगणकातील असा घटक आहे की, जो मूलतः पडद्यावरील चित्रे जलद रेखाटण्यासाठी घडविण्यात आला. त्यात हजारो लहान गणनकेंद्रे असतात व ती एकाच वेळी सारखीच गणिते करतात. भाताच्या लावणीला एका कुशल माणसापेक्षा शंभर हात अधिक उपयोगी पडावेत, तसाच हा प्रकार आहे. यंत्राला भाषा किंवा प्रतिमा ‘शिकविण्याचे’ काम अशाच असंख्य गुणाकार-बेरजांचे असल्यामुळे तेथे जी.पी.यू. अनिवार्य ठरतो.

तो निवडताना वेगापेक्षा प्रथम त्याची स्मृती पाहावी. टी४ या जातीच्या यंत्राची स्मृती १६ गिगाबाइट, तर एच१०० ची ८० गिगाबाइट असते. मोठे यंत्र अर्थातच महाग असते. किती स्मृती लागेल याचा अदमास सोपा आहे. प्रतिमानातील प्रत्येक गुणांकामागे, सर्वसाधारण पद्धतीने संपूर्ण शिक्षण द्यावयाचे तर, सुमारे १६ बाइट लागतात. ‘व्हिस्पर’ हे २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले वाणी-लेखन प्रतिमान मराठीही जाणते. त्याच्या लहान आवृत्तीत २४.४ कोटी गुणांक आहेत. म्हणजे सुमारे ३.९ गिगाबाइट व त्यावर प्रत्यक्ष कामाचा भार. हे काम १६ गिगाबाइटच्या यंत्रावर निभते. मोठ्या आवृत्तीत १५५ कोटी गुणांक असल्याने तिला जवळजवळ २५ गिगाबाइट मूळचेच लागतात. तथापि, सर्व गुणांक न बदलता त्यांना जोडलेला अल्पसा भागच शिकविण्याची ‘लोरा’ ही पद्धत २०२१ पासून प्रचारात आली असून, तिच्या योगे लहान यंत्रावरही मोठे प्रतिमान वळविता येते.

दहा हजार रुपयांचा हिशेब

उदाहरणादाखल, वसईतील एका विद्यार्थी-गटापाशी दहा हजार रुपये आहेत असे मानू. या गटाने पहिल्याच दिवशी भाड्याचे यंत्र घेऊ नये. कोलॅब व कॅगल यांसारख्या सेवा मर्यादित तासांपुरता जी.पी.यू. विनामूल्य देतात. थोड्या ध्वनिमुद्रणांवर सर्व चुका तेथेच दुरुस्त करून घ्याव्यात. आज्ञावलीतील चुका शोधण्यासाठी भाडे भरणे म्हणजे बैल दारात बांधून ठेवून नांगर घडविण्यास बसण्यासारखे आहे.

त्यानंतर १,५०० रुपये राखीव व ७०० रुपये साठवणुकीसाठी बाजूस काढल्यास ७,८०० रुपये उरतात. ताशी १०० रुपये दर व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर ६६ तास मिळतील. दर ६५ रुपये असून त्यावर तोच कर धरला, तर सुमारे १०१ तास मिळतील.

येथे ताशी दर हीच एकमेव कसोटी समजू नये. समजा, एक यंत्र ताशी ६० रुपयांचे असून काम ३० तासांत करते आणि दुसरे २०० रुपयांचे असून तेच काम ८ तासांत करते. पहिल्याचा खर्च १,८०० रुपये, तर दुसऱ्याचा १,६०० रुपये होतो. म्हणून दोन्ही यंत्रांवर अर्धा तास चाचणी घेऊन संपूर्ण कामाचा खर्च काढावा.

काही सेवादाते शिल्लक यंत्रे बऱ्याच कमी दरात देतात. मात्र ती अल्प सूचनेवर काढून घेतली जातात. अशा वेळी दर अर्ध्या तासाने कामाची स्थिती स्वतंत्र साठवणुकीत जतन करण्याची व्यवस्था केली असेल, तर खंड पडूनही फारतर अर्ध्या तासाचे श्रम वाया जातात. ती नसेल तर स्वस्त यंत्रच सर्वांत महाग पडते.

न दिसणारा खर्च

सर्वांत मोठे नुकसान विस्मरणाने होते. ताशी २०० रुपयांचे यंत्र शनिवारी सायंकाळी सहा वाजता बंद करण्याचे राहून गेले व सोमवारी सकाळी दहा वाजता ध्यानी आले, तर ४० तासांचे ८,००० रुपये होतात. दहा हजारांतील आठ हजार गेले म्हणजे प्रकल्पच थांबला. यास्तव काम संपताच यंत्र आपोआप बंद होईल अशी तजवीज करावी, खर्चमर्यादेची सूचना लावावी आणि शासकीय वाहनाच्या लॉगबुकाप्रमाणे सुरू करणाऱ्याचे नाव, वेळ व प्रयोजन यांची नोंदवही ठेवावी. यंत्र बंद असले तरी साठवणुकीचे भाडे चालूच राहते, तसेच माहिती बाहेर नेण्यासही काही ठिकाणी आकार पडतो, याची चौकशी आधीच करावी.

दुसरी बाब विश्वासाची आहे. बोलणाऱ्या वृद्धांचा आवाज ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम अशा माहितीच्या वापरासाठी संमतीवर भर देतो. अनोळखी व्यक्तींची यंत्रे भाड्याने देणाऱ्या बाजारात दर कमी असला, तरी अशी ध्वनिमुद्रणे तेथे चढविणे उचित नव्हे. संमती त्यांना समजेल अशा बोलीत घेण्याच्या कामी ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

यंत्र कितीही बलवान असले, तरी ते शिकते दिलेल्या सामग्रीवरूनच. काळजीपूर्वक तपासून लिहिलेले काही तासांचे बोलणे हे निष्काळजीपणे जमविलेल्या मोठ्या साठ्याहून अधिक उपयोगी पडते, आणि ते तपासण्यास जी.पी.यू. लागत नाही, बोली जाणणारा माणूस लागतो. हे भांडवल वसई-विरारच्या गावागावांत आज आहे. यंत्र पुढील वर्षीही भाड्याने मिळेल. आजीच्या तोंडची बोली पुढील वर्षी मिळेलच असे नाही. म्हणून ध्वनिमुद्रण प्रथम, विनामूल्य चाचणी नंतर आणि भाड्याचे यंत्र शेवटी, हाच मर्यादित निधीचा सदुपयोग करणारा क्रम होय.