दुखापतीनंतरची धाव

भोर संस्थानाच्या जुन्या मुलुखात, वेळवंडी नदीवर, भाटघरचे प्रचंड धरण आहे. १९२८ साली पुऱ्या झालेल्या ह्या धरणास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव देण्यात आले. ह्या नावाचा धावण्याच्या कलेशीही संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंस ऑलिंपिकला धाडण्याचे मनावर घेतले, आणि त्या कामी ह्याच लॉइडसाहेबांचे साह्य मिळविले. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प येथे मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. भाटघरच्या रस्त्याने पहाटे धावताना आम्हांस हा इतिहास नेहमी आठवे व पायांस बळ येई.

परंतु प्रस्तुत लेख बळाविषयी नाही. बळ आवरण्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मॅरेथॉनची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांच्या शर्यतीची, तयारी करीत होतो. नडगीच्या आतल्या बाजूस एका जागी दुखू लागले. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांस सहनशीलतेचा पाठ देत असू. तोच स्वतःस दिला आणि धावत राहिलो. शेवटी चालतानाही पाय लचकू लागला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. हाडास बारीक तडा गेला होता. धावणे सर्वस्वी बंद झाले.

सात आठवड्यांनी चालताना दुखेनासे झाले. आम्हांस हर्ष झाला, व पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावलो. दम लागला नाही. आम्ही बरे झालो असे मानले. चौथ्या दिवशी दुखणे पुन्हा त्याच जागी हजर झाले, आणि आधीची विश्रांती बहुतेक फुकट गेली.

असे का व्हावे? ह्याचे कारण प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत. हृदय व फुप्फुसे यांची शक्ती विश्रांतीत लवकर घटते, तशी सरावाने काही आठवड्यांत परतही येते. हाड व स्नायुबंध यांचे तसे नाही. दुखावलेल्या हाडाची डागडुजी करताना शरीर प्रथम जीर्ण भाग काढून टाकते व मग तेथे नवे हाड भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते. भरण्यास महिनेच्या महिने लागतात. मधल्या काळात ती जागा दुबळी असते, आणि नेमका तेव्हाच मनुष्यास दम परत आल्याचा भास होतो. भाटघरचे धरण तुडुंब भरले म्हणून कोणी सारे पाणी एकदम कालव्यात सोडीत नाही; कालव्याचा काठ जेवढे सोसेल तेवढेच सोडतात. दम हे धरण होय, हाड हा कालवा होय.

दुसऱ्या खेपेस डॉक्टरांची अनुज्ञा मिळाल्यावर आम्ही पुढील क्रम पाळला.

पहिली पायरी चालण्याची. अर्धा तास भरभर चालून त्या दिवशी वा दुसऱ्या सकाळी काही दुखत नाही, अशी खात्री होईपर्यंत धावावयाचे नाही.

दुसरी पायरी मिश्र चालीची. एक मिनिट सावकाश धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा फेरे. तेही एक दिवसाआड, कारण हाडाची बांधणी विश्रांतीच्या दिवशीच होते. मधल्या दिवशी पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलण्याचा व्यायाम करावा.

तिसरी पायरी वाढीची. प्रथम वेळ वाढवावी, मग वेग, आणि चढउतार सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आठवड्यास दशांशाहून अधिक वाढ नको, असे पुष्कळ धावणारे सांगतात. हा सृष्टीचा नियम नव्हे. उतावळ्यास घातलेला लगाम आहे.

ह्या साऱ्या काळात पोटभर अन्न व पुरेशी झोप हवी. बोटाने दाखविता येईल अशा एकाच जागी हाड दुखणे, रात्री दुखणे, किंवा लंगडणे, ही तीन चिन्हे दिसताच थांबावे व वैद्यकीय सल्ला घ्यावा. सलग अर्धा तास धावण्यास आम्हांस दहा आठवडे लागले.

कोणी म्हणेल, इथिओपियाचा अबेबे बिकिला आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १९६४ साली, टोकियोची मॅरेथॉन जिंकला, त्याचे काय? उत्तर सोपे आहे. त्याची जखम पोटाची होती. पायाचे हाड शाबूत होते. शिवाय अपवादास कित्ता करू नये. १९५६ सालची मेलबर्नची शर्यत अधिक बोधप्रद आहे. त्या वर्षी थोर धावपटू एमिल झाटोपेक हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर लगोलग सरावास लागला व सहावा आला. पहिला आला तो फ्रान्सचा अलँ मिमून. १९४४ साली इटलीतील माँते कासिनोच्या लढाईत त्याचा पाय असा जखमी झाला होता की तो कापण्याची वेळ आली होती. त्या जखमेपासून सुवर्णपदकापर्यंत बारा वर्षे गेली. विजयानंतर तो आपल्या मित्राची, झाटोपेकची, वाट पाहत उभा राहिला.

आमच्या दुखण्याच्या आदल्या वर्षी एक मुलगा पाय दुखतो म्हणून मैदानाच्या कडेस बसला होता. आम्ही त्यास भित्रा म्हणून उठविले व धावावयास लावले. पुढे आमचाच पाय मोडला, तेव्हा आम्ही त्यास बोलावून वर्गासमोर क्षमा मागितली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आयुष्यास शर्यतीची उपमा दिली आहे, आणि तेथे धावणाऱ्यापाशी मागितला आहे तो वेग नव्हे, धीर होय. ते वचन आम्ही अनेकदा शिकविले होते. त्याचा अर्थ मात्र भाटघरच्या रस्त्यावर, एक मिनिट धावून दोन मिनिटे चालताना, आम्हांस कळला.