फाईल कॉम्प्रेस केली, पण लेबल लावलं का?



मागच्या व्हिडिओत आपण वेबसाईटच्या फाईली क्लाउड स्टोरेजवर कशा ठेवायच्या ते पाहिलं. आज त्याचाच पुढचा भाग. विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. कोड तुम्हाला लिहायचा नाहीये. डेव्हलपरला नेमकं काय विचारायचं, एवढंच समजून घ्यायचंय.

तुमच्या ऑनलाईन ऑर्डरच्या अ‍ॅपमध्ये दोन प्रकारचं सामान असतं. एक, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं तयार होणारं, म्हणजे त्याची ऑर्डर, त्याचं बिल. दुसरं, सगळ्यांना सारखंच जाणारं, म्हणजे जावास्क्रिप्ट, सीएसएस, लोगो. या दुसऱ्या सामानाला स्टॅटिक फाईली म्हणतात. त्या अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या स्टोरेजवर ठेवल्या की आपल्या सर्व्हरवरचा भार कमी होतो.

आता हिशोब बघा. समजा जावास्क्रिप्ट आणि सीएसएस मिळून ९०० केबी आहेत. अशा मजकुराच्या फाईली जीझिपने कॉम्प्रेस केल्या तर साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतात. २५० केबी धरू. महिन्याला १०,००० नवे ग्राहक आले तर ९ जीबीच्या जागी अडीच जीबी डेटा जाईल. मोफत मर्यादा संपली की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे लागतात, म्हणजे बिलात फरक आलाच. पण मला विचाराल तर बिल दुय्यम आहे. एसटीत बसून, नेटवर्क येत-जात असताना तुमचं पान उघडणारा ग्राहक किती वेळ थांबेल, हा खरा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या वेब सर्व्हरवर सेटिंग चालू केलं की फाईल जाता जाता कॉम्प्रेस होते. एस-थ्री तसं करत नाही. ते गोदाम आहे. जसा माल ठेवाल तसाच बाहेर देणार. म्हणून फाईल आधीच कॉम्प्रेस करून ठेवावी लागते, आणि तिच्यावर लेबल लावावं लागतं.

हे लेबल मी स्वतः विसरलो होतो. आमच्या कोर्सच्या साईटच्या फाईली मी मोठ्या हौसेने जीझिप करून चढवल्या आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर साईट पांढरीफट्ट! एक बटण दिसेना. त्याच दिवशी नव्या बॅचचे प्रवेश चालू होते, फोनवर फोन. फाईली जागेवर होत्या, पण त्या कॉम्प्रेस केलेल्या आहेत हे ब्राउझरला कोणी सांगितलंच नव्हतं. तो ते गिचमीड जावास्क्रिप्ट समजून वाचायला गेला आणि अडकला.

ते लेबल म्हणजे ‘कंटेंट-एन्कोडिंग’ नावाचा हेडर, किंमत ‘जीझिप’. फाईल अपलोड करताना मेटाडेटामध्ये तो भरायचा. सोबत ‘कंटेंट-टाईप’ मूळ फाईलचाच ठेवायचा, म्हणजे जावास्क्रिप्टला जावास्क्रिप्टचा, सीएसएसला सीएसएसचा. फाईलचं नावही तेच राहू द्या. शेवटी ‘.जीझेड’ जोडलंत तर तुमचं पान जुन्या नावाने फाईल मागत राहील आणि ती सापडणार नाही. साईट जँगोमध्ये असेल आणि जँगो-स्टोरेजेस वापरत असाल, तर त्यात एस-थ्रीसाठी जीझिपचं सेटिंग आहे, पण ते मुळात बंद असतं. डेव्हलपरला ते चालू करायला सांगा.

एवढी कटकट नको असेल तर एस-थ्रीच्या पुढे क्लाउडफ्रंट लावा. ते स्वतः कॉम्प्रेस करून देतं. मात्र १,००० बाईटपेक्षा छोट्या आणि १,००,००,००० बाईटपेक्षा मोठ्या फाईलींना ते हात लावत नाही. आणि सेटिंग आज चालू केलं तर आधीच कॅशमध्ये बसलेल्या फाईली तशाच जात राहतात, त्या कॅशमधून काढाव्या लागतात. नवीन माणसाने मी म्हणेन हाच रस्ता धरावा.

जेपीजी फोटोंना जीझिप करू नका. ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, हाती काही लागत नाही. तिथे फोटोचा आकारच कमी करा.

आता तपासायचं कसं? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये आपली साईट उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि पान रिफ्रेश करा. एखाद्या जावास्क्रिप्ट फाईलवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स हेडर्स’ वाचा. तिथे ‘कंटेंट-एन्कोडिंग’पुढे जीझिप किंवा बीआर दिसलं तर काम झालं. बीआर म्हणजे ब्रॉटली, जीझिपचाच नवा भाऊ. ती ओळच नसेल, तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून डेव्हलपरला पाठवा आणि विचारा, “ही फाईल कॉम्प्रेस होऊन का जात नाहीये?”