निवडणुकीचा सट्टा आणि सेन्सेक्स : भाव नेमके काय सांगतो?

निवडणुका जाहीर झाल्या की बाजारपेठेत मालाच्या भावाबरोबर सट्ट्याच्या भावाचीही चर्चा सुरू होते. राजस्थानातील फलोदीच्या सट्टाबाजाराने अमक्या पक्षाला इतक्या जागा दिल्या, असे ठासून सांगितले जाते. त्या भरवशावर माल भरणारे व उधारी देणारेही आढळतात. म्हणून हा भाव ठरतो कसा, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

एखाद्या पक्षाचा भाव २५ पैसे असेल तर त्याच्यावर १०० रुपये लावणाऱ्यास पक्ष जिंकल्यावर २५ रुपये नफा मिळतो. हरल्यास शंभरही जातात. भाव जितका कमी तितकी विजयाची खात्री जास्त समजली जाते. २५ पैसे म्हणजे शंभरात ८० संधी. परंतु हे मत कोणाचे? निवडून कोण येतो याच्याशी बुकीला कर्तव्य नसते. एका बाजूला पैसा जास्त आला की तो तिकडचा भाव उतरवितो, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही पैसा येतो आणि त्याची कमाई दोन्हीकडून सुटते. मतपेटीत कारखानदाराचे व हमालाचे मत सारखेच. सट्ट्यात मात्र लाख लावणाऱ्याचे वजन शंभर लावणाऱ्याच्या हजारपट.

ब्रिटनमध्ये सट्टा कायदेशीर असल्याने तेथील हिशेब उघड होतो. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघात राहावे की नाही यावर तेथे सार्वमत झाले. सट्ट्याचा कौल ‘राहावे’ या बाजूने होता. प्रत्यक्षात ‘बाहेर पडावे’ला सुमारे ५२ टक्के मते पडली. नंतर बुकींनीच सांगितले की, पैजांची संख्या ‘बाहेर’वर जास्त होती, मोठ्या रकमा मात्र ‘राहावे’वर होत्या.

शेअर बाजाराचेही असेच आहे. १ जून २०२४ च्या एक्झिट पोलनंतर ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला. ४ जूनला मतमोजणीत भाजप २४० वर थांबला आणि सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला. आदल्या दिवशीची तेजी निकालाचे भाकीत नव्हती, टीव्हीवरील आकड्यांची नक्कल होती. आणि घाबरून विकणाऱ्यांचे काय झाले? ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ या नव्या उच्चांकावर बंद झाला. २००४ मध्येही वाजपेयी सरकार गेल्यावर, डाव्यांच्या पाठिंब्याचे सरकार येणार या धास्तीने १७ मे रोजी बाजार ११ टक्के घसरून ४,५०५ वर आला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. वर्षअखेर तोच ६,६०० च्या वर होता.

सट्टा हा ‘मैसिर’ आहे, सूरह माइदामध्ये तो मद्याबरोबर निषिद्ध ठरविला आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. मात्र निकालाच्या तोंडावर ऑप्शन घेणारे काही तरुण त्याला ‘शेअरचा धंदा’ म्हणतात. हलाल व्यवसायाच्या कंपनीत भागीदार होणे वेगळे. जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ सालीच ऑप्शनचा व्यवहार नाजायज ठरविला आहे. देशाच्या कायद्यातही पैजेला आधार नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असून जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही.

सर्वांत जास्त फटका बसतो तो झेंडे, टोप्या, उपरणी शिवणाऱ्या व बॅनर छापणाऱ्या आपल्या कारागिरांना. भाव चांगला आहे, साहेब येणारच, असे सांगून कार्यकर्ता उधारीवर माल नेतो. हरलेल्या उमेदवाराचे कार्यालय निकालाच्या संध्याकाळीच बंद होते (जिंकलेल्याकडेही पुढे ओळख पटवावी लागते!). अशा ऑर्डरीत कापड, शाई व मजुरी यांचा खर्च आगाऊ घ्यावा, ऑर्डर उमेदवाराच्या प्रतिनिधीच्या सहीने लेखी असावी आणि उरलेली रक्कम माल उचलतानाच, मतदानाआधी, पदरात पाडून घ्यावी.