सेनेगल : एका किनारी देशाची ओळख

आफ्रिकेचा नकाशा समोर ठेवला, तर या खंडाचा जो भाग अटलांटिक महासागरात पश्चिमेकडे सर्वांत पुढे घुसलेला दिसतो, तेथे सेनेगल हा देश आहे. त्याची राजधानी डाकार ज्या द्वीपकल्पावर वसली आहे, त्याचे टोक हे आफ्रिकेच्या मुख्य भूमीचे अगदी पश्चिमेकडील टोक होय. देशाचे क्षेत्रफळ सुमारे १,९६,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या गुजरात राज्याएवढे आहे. २०२३ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आहे. संदर्भग्रंथांतून या देशाचा परिचय बहुधा एका ओळीत उरकलेला असतो : राजभाषा फ्रेंच, बहुसंख्य प्रजा मुस्लिम.

ही माहिती खरी आहे. तथापि केवळ तिच्यावर विसंबून डाकारच्या बाजारात गेलेल्या माणसाला तेथे फ्रेंचहून निराळीच भाषा कानी पडेल. आणि या मुस्लिमबहुल देशाने आपला पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून एका कॅथलिक कवीला वीस वर्षे मान दिला, हे ऐकून तो चकित होईल. ही दोन विशेषणे या भूमीला कशी चिकटली आणि तेथील सामान्य माणसाच्या वाट्याला त्यांतून काय आले, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

भूमी आणि पाऊस

देशाच्या उत्तर सीमेवरून सेनेगल नदी वाहते. तिच्या पलीकडे मॉरिटानिया आणि सहारा वाळवंट. पूर्वेस माली, दक्षिणेस गिनी आणि गिनी-बिसाऊ हे देश आहेत. मध्येच गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी गांबिया हा चिंचोळा देश पाचरीसारखा आत शिरला आहे. तो पूर्वी ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे तेथील राजभाषा इंग्रजी आहे. या पाचरीमुळे सेनेगलचा कासामान्स हा हिरवागार दक्षिण भाग उरलेल्या देशापासून तुटल्यासारखा झाला असून, तेथे १९८२ पासून फुटीर चळवळीचा दीर्घ संघर्ष घडला.

पाऊस येतो तो जून ते ऑक्टोबर या काळात. उत्तरेकडे अगदी थोडा, दक्षिणेकडे भरपूर. कोरड्या मैदानात जागोजागी गोरखचिंचेचे प्रचंड बुंध्याचे वृक्ष उभे दिसतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही तुरळक आढळणारा हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा.

निळे कापड आणि डिंक

फ्रेंचांनी १६५९ मध्ये नदीच्या मुखाशी एका बेटावर सें-लुई हे ठाणे वसविले. डाकारसमोरचे गोरे बेटही पुढे त्यांच्या हाती आले. या दोन्ही ठिकाणांहून गुलामांचा व्यापार चाले. युनेस्कोने १९७८ मध्ये गोरे बेटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या दुःखद इतिहासाची आठवण म्हणून.

गुलामांच्या जोडीने आणखी एक माल युरोपात जात असे, तो म्हणजे डिंक. नदीच्या उत्तर तीरावरील बाभळीच्या जातीच्या झाडांपासून मिळणारा हा डिंक फ्रान्समधील कापड छपाईच्या कारखान्यांना लागे. त्याच्या मोबदल्यात डिंकाचे मूर व्यापारी गर्द निळे सुती कापड मागत, आणि हे कापड आपल्या पाँडिचेरीच्या परिसरात विणले व निळीने रंगविले जाई. एकोणिसाव्या शतकात सेनेगल नदीच्या काठी हे हिंदी कापड चलनासारखे वापरात होते. युरोपातील गिरण्यांनी त्याची नक्कल करून पाहिली. परंतु पारखी गिऱ्हाइके कापडाचा वास घेऊन आणि पोत हाताने चाचपून अस्सल माल ओळखत. तमिळ विणकर आणि वाळवंटातील डिंकवाला यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. एकाच साम्राज्याच्या हिशेबवहीत मात्र दोघांची नावे मांडली गेली होती.

चार नगरे आणि उरलेला देश

१८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली आणि संसदेत सेनेगलला, तसेच फ्रेंच हिंदुस्थानालाही, प्रतिनिधित्व दिले. सेनेगलमध्ये हा हक्क प्रत्यक्षात सें-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार या चार नगरांपुरताच राहिला. १९१४ मध्ये ब्लेझ डियान हे या नगरांतून फ्रेंच संसदेवर निवडून गेले. तेथे बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी होत. नगरांच्या वेशीबाहेर राहणारा शेतकरी मात्र केवळ प्रजाजन होता. त्याला मत नव्हते. वेठबिगार आणि सक्तीची सैन्यभरती होती. देशाचे असे दोन भाग तेव्हा पडले.

सैन्यभरतीची परिणती काय झाली, हे एका घटनेवरून दिसते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी डाकारजवळील तियारोय येथील छावणीत आपला थकलेला पगार मागितला. १ डिसेंबर १९४४ रोजी त्यांच्यावर फ्रेंच सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा होता. खरी संख्या त्याहून मोठी असावी, असे अनेक इतिहासकार मानतात. ही कत्तल होती, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य करावयास २०२४ साल उजाडावे लागले.

भुईमूग आणि पीर

डिंकाचा व्यापार मंदावला आणि त्याची जागा भुईमुगाने घेतली. त्याचे तेल मार्सेयच्या साबण कारखान्यांना हवे होते. १८८५ मध्ये डाकार ते सें-लुई हा लोहमार्ग पुरा झाला. या मार्गाला विरोध करणारा कायोरचा राजा लात दियोर पुढच्याच वर्षी लढाईत मारला गेला. राजे गेले, जुनी व्यवस्था मोडली. आणि निराधार झालेला ग्रामीण समाज सूफी पीरांभोवती गोळा झाला. या प्रदेशात इस्लाम अनेक शतकांपूर्वीच आला होता. परंतु तो गावोगावच्या सर्वसामान्य माणसाचा धर्म झाला तो मुख्यतः याच काळात. त्यामुळे फ्रेंच सत्तेचा विस्तार आणि इस्लामचा प्रसार एकाच वेळी घडून आले.

सेनेगलमधील बहुतेक मुसलमान कोणत्या ना कोणत्या सूफी पंथाचे अनुयायी आहेत. तिजानी आणि मुरीद हे त्यांतील दोन मोठे पंथ. मुरीद पंथाचे संस्थापक शेख अमादू बांबा यांनी श्रम हा भक्तीचाच भाग मानला. त्यांची वाढती लोकप्रियता पाहून फ्रेंचांनी १८९५ मध्ये त्यांना दूर गॅबॉनमध्ये हद्दपार केले. १९०२ मध्ये ते परतले, तेव्हा त्यांच्या भोवतीचा समुदाय अधिकच वाढला. शिष्यांनी रान तोडून भुईमूग लावला. ज्या सत्तेने गुरूला हद्दपार केले, तिचीच तिजोरी शिष्यांच्या घामाने भरली, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल. १९२७ मध्ये बांबा निवर्तले. तूबा येथे त्यांची समाधी असून तेथील भव्य मशिदीचे उद्घाटन १९६३ मध्ये झाले. दरवर्षी सफर महिन्याच्या १८ तारखेला लक्षावधी भाविक तूबाला लोटतात. तो दिवस गुरूंच्या जन्माचा नाही, मृत्यूचाही नाही. तो त्यांच्या हद्दपारीचा दिवस आहे. अन्याय सोसूनही न वाकलेल्या माणसाचा तो विजयदिन, असे भाविक मानतात.

भुईमुगाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. बाजरीसारख्या धान्याखालील जमीन नगदी पिकाकडे गेली आणि ती उणीव इंडोचीनमधून आणलेल्या तांदळाच्या कणीने भरून काढण्यात आली. आज मासे, भाज्या आणि कणी यांचा ‘चेबू जेन’ हा पदार्थ राष्ट्रीय भोजन समजला जातो. एका मोठ्या परातीभोवती बसून सारे कुटुंब तो जेवते. ही कणी पुढे भारतातूनही मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा त्याची झळ सेनेगललाही लागली. मार्च २०२५ मध्ये ही बंदी उठली.

शेजारधर्म

४ एप्रिल हा सेनेगलचा स्वातंत्र्यदिन. १९६० मध्ये प्रथम मालीसह संघराज्य म्हणून आणि ऑगस्टपासून स्वतंत्रपणे हा देश उभा राहिला. लिओपोल्ड सेंघोर हे कवी, सेरेर जमातीचे आणि धर्माने ख्रिस्ती. तरीही मुस्लिम पीरांचा त्यांना पाठिंबा होता. १९८० च्या अखेरीस त्यांनी स्वखुशीने पद सोडले. राज्यघटनेने राज्य धर्मनिरपेक्ष ठेवले आहे. परंतु सलोख्याचे खरे मूळ रोजच्या व्यवहारात आहे. ईस्टरच्या सुमारास ख्रिस्ती घरांतून बाजरी, शेंगदाणे आणि गोरखचिंचेचा गर यांची ‘न्गालाख’ ही गोड खीर मुस्लिम शेजाऱ्यांकडे जाते. बकरी ईदला तिकडून मांसाचा वाटा येतो. फादियूत या शिंपल्यांच्या बेटावरील दफनभूमीत दोन्ही धर्मांचे लोक एकत्र विसावले आहेत.

भाषेचा प्रश्न

धर्माच्या बाबतीत सेनेगलने जे साधले, ते भाषेच्या बाबतीत साधले, असे मात्र म्हणता येत नाही. वोलोफ ही भाषा सुमारे ८० टक्के लोक बोलतात. पुलार, सेरेर, जोला, मांदिंका, सोनिंके या भाषाही नांदतात. फ्रेंच जाणणारे सुमारे पावभाग आहेत. तरी शासनाची, न्यायालयाची आणि प्रामुख्याने शाळेची भाषा फ्रेंचच राहिली. ज्यांना सरकारी नोंदी निरक्षर म्हणतात, त्यांतील कित्येक जण अरबी लिपीत वोलोफ लिहितात, पत्रे पाठवितात, हिशेब ठेवतात. पण ही साक्षरता फारशी जमेस धरली गेली नाही.

उस्मान सेंबेन यांनी हे दुखणे ओळखले. मार्सेयच्या गोदीत हमाली केलेला हा लेखक फ्रेंच भाषेत कादंबऱ्या लिहीत असे. आपली पुस्तके ज्यांच्याविषयी आहेत, त्यांनाच ती वाचता येत नाहीत, हे उमगल्यावर तो चित्रपटाकडे वळला. १९६८ मधील त्याचा ‘मांदाबी’ हा वोलोफ भाषेतील चित्रपट प्रसिद्ध आहे. डाकारमधील एका वृद्ध गृहस्थाला पॅरिसमध्ये रस्ते झाडणाऱ्या भाच्याकडून मनिऑर्डर येते. पैसे मिळण्यासाठी ओळखपत्र हवे, ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी जन्मतारीख! त्याला यांतले काहीच ठाऊक नाही. कचेरीची भाषा तर मुळीच कळत नाही. अखेरीस एक सुशिक्षित आप्त त्याच्या नावाने रक्कम उचलतो आणि गिळंकृत करतो. चार नगरे आणि उरलेला देश यांच्यामधली जुनी भिंत स्वातंत्र्यानंतर कचेरीच्या खिडकीत उभी राहिली, असेच हा चित्रपट सांगतो. कचेरीच्या कागदापुढे अवघडून उभा राहिलेला असा माणूस भारतीय वाचकाला परका वाटणार नाही.

सेनेगलमध्ये स्वातंत्र्यापासून लष्करी सत्तापालट झालेला नाही. २०२१ आणि २०२३ मधील रक्तरंजित निदर्शनांनंतरही मार्च २०२४ मध्ये मतपेटीतूनच बासिरू दियोमाय फाय राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्रीय भाषांतून प्राथमिक शिक्षणाचे प्रयोगही झाले आहेत. ते कितपत रुजतात, यावर त्या वृद्धाच्या नातवंडांचे भवितव्य अवलंबून राहील.

वोलोफ माणसाला ‘नांगा देफ’, म्हणजे ‘कसे आहात’ असे विचारले, तर तो उत्तर देतो : ‘मांगी फी रेक’ – ‘मी येथेच आहे’. राजे, गोरे अधिकारी आणि कचेऱ्या यांच्या उलथापालथीतून तो खरोखरच तेथे टिकून राहिला आहे. ‘फ्रेंच भाषिक, बहुसंख्य मुस्लिम’ या एका ओळीपलीकडे जाऊन त्या देशाला ओळखावयाचे, तर सुरुवात या उत्तरापासून करावी.