नानेटी : ओळख व संरक्षण
(इयत्ता ५ वी – परिसर अभ्यासाच्या पाठासाठी टिपण)

पावसाळ्यास प्रारंभ झाला म्हणजे शाळेच्या कुंपणालगतच्या गवतात, भातखाचरांच्या बांधांवर आणि विहिरीच्या काठी एक सडपातळ साप वारंवार दृष्टीस पडतो. ‘साप! साप!’ अशी हाक उठते, काठ्या जमतात आणि क्षणार्धात एका निरुपद्रवी जीवाचा अंत होतो. हा साप बहुधा नानेटी असतो. प्रस्तुत पाठाचा हेतू विद्यार्थ्यांस साप हाताळावयास शिकविणे हा नसून, दुरून पाहावयास व हात आवरावयास शिकविणे हा आहे. हा भेद शिक्षकांनी आरंभीच स्पष्ट करावा.

नानेटीची लक्षणे

नानेटीची लांबी सामान्यतः दीड ते दोन फूट असते. अंगाचा रंग मातकट किंवा हिरवट तपकिरी असून पाठीच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपर्यंत दोन पिवळसर उभे पट्टे गेलेले असतात. पाठीवर काळे आडवे ठिपके असतात; ते पुढील भागात अधिक ठळक दिसतात. पोट पांढुरके असते. पाठीवरील खवल्यांवर मध्यभागी बारीक कणा असल्याने कातडी खरखरीत भासते. ती दिवसा हिंडते आणि मुख्यतः बेडूक खाते. उत्तर अमेरिकेतील मुलांच्या परिचयाचा पट्टेदार गार्टर साप हा तिच्याच उपकुळातील होय.

नानेटी बिनविषारी असून स्वभावाने शांत आहे. तथापि भय वाटल्यास ती अंग फुगविते व क्वचित मानही चपटी करते. त्यामुळे तिला नागाचे पिल्लू समजून मारले जाते.

फसवे साम्य

फलकावर दोन आकृती काढाव्यात : एकीवर पिवळे उभे पट्टे (नानेटी), दुसरीवर काळ्या चकचकीत अंगावर पांढरे आडवे पट्टे (मण्यार). मुले भेद त्वरित सांगतील. तेथेच थांबू नये. आडव्या पट्ट्यांचा कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो. पण तो बिनविषारी आहे. उलट फुरसे हे आकाराने लहान, तपकिरी व खरखरीत खवल्यांचे असूनही अत्यंत विषारी आहे. त्याच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते व अंगाची वेटोळी घासून ते करकर आवाज काढते. ‘लहान, तपकिरी, खरखरीत, म्हणून नानेटीच,’ असा तर्क करून एखाद्या मुलाने हात पुढे केला, तर आपली शिकवण त्याच्या जिवावर बेतेल. यास्तव नियम एकच : साप कोणताही असो, त्यास स्पर्श करावयाचा नाही आणि मारावयाचेही नाही.

संकटात सापडलेला साप

१. मुलांना दूर न्यावे. कुत्री, मांजरे व कोंबड्या यांना हाकलावे. सापाची वाट मोकळी ठेवल्यास तो बहुधा आपण होऊन निघून जातो.

२. साप उथळ खड्ड्यात वा टाक्यात पडला असल्यास दुरूनच एक खडबडीत लांब फांदी तिरकी टेकवून ठेवावी. तिच्या आधाराने तो वर येऊ शकतो.

३. जाळ्यात गुरफटलेला किंवा जखमी साप ओढून काढू नये. जाळ्यावर सावली धरण्याची सोय दुरून होत असेल तर करावी आणि वन विभागास १९२६ या क्रमांकावर अथवा प्रशिक्षित सर्पमित्रास कळवावे.

४. दूध पाजू नये. दूध हे सापाचे अन्न नव्हे; तहानेने व्याकूळ झालेला साप ते पितो, पण त्याने त्यास अपाय होतो. साप अनेक दिवस अन्नावाचून राहू शकतो, म्हणून खाऊ घालण्याची घाई नको.

५. बरणीत वा पेटीत साप ठेवून वर्गात दाखवू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे. बरा झालेला साप जाणकार व्यक्तीने जेथे सापडला त्याच परिसरात सोडणे इष्ट.

दंश झाल्यास

साप ओळखण्यात वेळ दवडू नये. मुलास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून अथवा मिळेल त्या वाहनाने तत्काळ रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे अथवा मांत्रिकाकडे नेणे या गोष्टी घातक आहेत. मण्यारीच्या दंशाची वेदना कित्येकदा जाणवतही नाही. तेव्हा ‘दुखत नाही’ म्हणून स्वस्थ बसू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावरील प्रतिविष रुग्णालयातच देता येते.

स्वाध्याय

१. शाळेभोवती साप येण्याची कारणे शोधा. (सूचना : विटांचे ढीग, उंदीर, वाढलेले गवत.)
२. नानेटी व फुरसे यांतील तीन भेद लिहा.
३. घरी साप निघाल्यास वडीलधाऱ्यांना काय सांगाल?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. काठी उचलणारा हात घरातल्या मोठ्या माणसाचा असतो. तो थांबविण्याचे काम पुष्कळदा शाळेत शिकणारे मूलच करू शकते.