मुंबईची तीन वारसास्थळे : पाहणे आणि जपणे

मुंबईस प्रथमच येणाऱ्या पाहुण्याचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी गेट वे ऑफ इंडिया, दुपारी राणीची बाग, सायंकाळी चौपाटीवरील भेळ आणि रात्री मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ. हा क्रम वाईट नाही. परंतु युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समाविष्ट झालेली तीन स्थळे दिल्लीप्रमाणेच मुंबईच्या परिसरातही आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घारापुरीच्या लेण्यांना हा मान १९८७ साली, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ साली आणि ओव्हल मैदान परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ साली मिळाला. पहिले स्थळ प्राचीन देवालय, दुसरे अहोरात्र गजबजलेले रेल्वे स्थानक, तर तिसऱ्यात न्यायालय, विद्यापीठ, चित्रपटगृहे आणि राहती घरेही आहेत. म्हणूनच तिघांच्या जतनाचे प्रश्न निरनिराळे आहेत.

घारापुरीचा धडा

गेट वे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर असलेल्या घारापुरी बेटावर लाँचने तासाभरात पोहोचता येते. प्रशासकीयदृष्ट्या हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. पायऱ्या चढून गेल्यावर मुख्य लेणे लागते. सहाव्या शतकाच्या मध्यास अखंड खडकातून कोरलेल्या या शैव लेण्याची प्रवेशद्वारापासून मागील भिंतीपर्यंतची लांबी सुमारे ३९ मीटर आहे. मागील भिंतीतील सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती सुमारे २० फूट उंचीची असून मधले मुख ध्यानस्थ, एका बाजूचे उग्र, तर दुसऱ्या बाजूचे सौम्य आहे. अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वती विवाह, नटराज हे शिल्पपटही मुद्दाम थांबून पाहावेत.

परंतु येथे जे दिसत नाही, तेही जाणून घेण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. लेण्यातील एक शिलालेख त्यांनी पोर्तुगालला पाठविला आणि पुढे तो हरवला. हे लेणे कोणी खोदविले, याचे निश्चित उत्तर कदाचित त्या एका शिळेवर होते. आज अभ्यासकांना शिल्पशैली आणि बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी यांवरून अनुमान करावे लागते. बेटावरील ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे मुंबईस आणून १९१४ साली सांधण्यात आले. आज हा हत्ती भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीच्या बागेत जाणाऱ्यांनी शेजारच्या या हत्तीकडे अवश्य पाहावे. दगड सांधता येतो. हरवलेला लेख मात्र परत येत नाही.

घारापुरी हे केवळ लेणे नव्हे, ते वस्तीचे गावही आहे. राजबंदर, शेतबंदर व मोरबंदर येथील ग्रामस्थांचा चरितार्थ मोठ्या प्रमाणावर पर्यटकांवर अवलंबून आहे. समुद्राखालून टाकलेल्या तारेने या बेटावर कायमची वीज पोहोचली, ती २०१८ च्या फेब्रुवारीत.

राबते वारसास्थळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे ३४ किलोमीटरचा प्रवास करून देशातील पहिली प्रवासी गाडी गेली. त्याच बोरीबंदरला १८७८ मध्ये भव्य स्थानकाचे काम सुरू झाले व सुमारे दहा वर्षांनी पूर्णत्वास गेले. वास्तुशिल्पज्ञ होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळालेल्या या स्थानकास १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. घुमटाच्या शिखरावर प्रगतीचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह व वाघ आहेत. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. दर्शनी भागातील पानेफुले, पक्षी व प्राणी यांच्या कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता.

येथून रोज लाखो लोक ये-जा करतात. तेव्हा दारे लावून ही वास्तू जपता येणार नाही. गाड्या धावत्या ठेवूनच दगडाची सफाई, दुरुस्ती आणि नव्या सोयींची मांडणी करावी लागते. फलक लावण्यासाठी मारलेला एक खिळा किंवा कोपऱ्यात टाकलेली एक पिंक क्षुल्लक वाटते; परंतु लाखोंच्या वर्दळीत क्षुल्लकाचेही डोंगर होतात.

ओव्हलच्या दोन बाजू

ओव्हल मैदानाच्या मध्यभागी उभे राहिले की दोन शतके समोरासमोर दिसतात. १८६० नंतरच्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठ व शासकीय कचेऱ्यांच्या गॉथिक इमारती उभ्या राहिल्या. १८७८ मध्ये पूर्ण झालेला २८० फुटी राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून बांधला गेला व त्यांच्या मातोश्रींचे नाव त्यास मिळाले. पश्चिमेस समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर १९३० नंतर सिमेंट-काँक्रीटची आर्ट डेको घरे आली. वळणदार सज्जे, खिडक्यांवरील पट्ट्यांसारख्या छपऱ्या, उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी ही त्यांची ओळख. यांतील अनेक इमारतींचे आराखडे भारतीय वास्तुशिल्पज्ञांनी केले. बोरीबंदर स्थानक उभारणाऱ्या स्टीव्हन्स यांचे पुत्र चार्ल्स यांनी १९३३ मध्ये कुलाब्याचे रीगल चित्रपटगृह याच नव्या शैलीत बांधले. पित्याचे शतक आणि पुत्राचे शतक यांतील अंतर मुंबईत एका दुपारी पायी चालून पाहता येते.

या समूहातील राहत्या घरांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. खाऱ्या हवेने काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि सज्जे तडकतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले. तथापि भाडी जवळजवळ गोठल्याने दुरुस्तीचा खर्च त्यांतून भागेनासा झाला. सज्जा बंद करून खोली वाढविणे ही कुटुंबाची गरज असू शकते. परंतु प्रत्येकाने तसे केल्यास रस्त्याचा चेहराच पुसला जातो. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली व महत्त्वानुसार इमारतींच्या श्रेणी ठरल्या. देशात अशा नियमावलीचा मान मुंबईकडे जातो. २०१८ च्या मानांकनामागेही येथील रहिवासी संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. केवळ कायद्याने हे साधले नसते.

पाहुण्यांसाठी थोडेसे

तीनही स्थळे दोन दिवसांत निवांतपणे पाहता येतात. घारापुरीस सकाळची लाँच गाठावी. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळल्यास फेऱ्या थांबतात. ओव्हलची फेरी सायंकाळी उन्हे उतरल्यावर पायी करावी. मग चालत बोरीबंदरला जाऊन दिवे लागलेले स्थानक रस्त्यापलीकडून न्याहाळावे. शिल्पांना हात लावू नये, भिंतीवर नाव कोरू नये आणि बेटावर नेलेला प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा. राहत्या इमारतींची छायाचित्रे रस्त्यावरून घ्यावीत. तेथे माणसे राहतात, याचे भान असावे.

चौदाशे वर्षे टिकलेल्या लेण्यातील एक शिळा एका माणसाच्या कुतूहलापायी कायमची गेली. आपल्या पिढीच्या हाती असलेल्या शिळा पुढच्या पिढीस जागच्या जागी पाहावयास मिळाव्यात, इतकी दक्षता प्रत्येक पाहुण्याने आणि प्रत्येक मुंबईकराने घेतली, तरी वारसा जपण्याचे निम्मे काम झाल्यासारखे आहे.