‘पथेर पांचाली’ची चित्रवही

चित्रपटासाठी पैसा अपुरा असला की काटकसरीची कुऱ्हाड प्रथम पूर्वतयारीवर पडते. वस्तुतः तीच काटकसर सर्वांत महाग ठरते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची निर्मितिकथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

राय हे शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेले आणि कलकत्त्यातील एका जाहिरातसंस्थेत नोकरी करणारे गृहस्थ. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीच्या मुलांसाठी निघालेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनीच काढली होती. चित्रपट करावयाचे ठरल्यावर त्यांनी रूढ पद्धतीची पटकथा लिहिली नाही. शाई व कुंचल्याने एका वहीत प्रसंगामागून प्रसंग रेखाटले. ही वही घेऊन ते निर्मात्यांकडे गेले; परंतु पैसा कोणी दिला नाही. अखेर विम्याची पॉलिसी व पत्नीचे दागिने गहाण पडले.

अशा रेखाटनांत चित्राची सुबकता गौण असते. एका चौकटीत एक दृश्य. त्यात कॅमेरा कोठून पाहतो, माणूस जवळ आहे की दूर, तो कोणत्या बाजूने येतो व कोणत्या बाजूने जातो, एवढे स्पष्ट झाले की पुरे. पात्र एका दृश्यात उजवीकडे निघाले आणि पुढच्या दृश्यात डावीकडे चालू लागले, तर ते परत फिरले असे प्रेक्षकास वाटते. ही चूक कागदावर खोडता येते. चित्रीकरणानंतर ती दुरुस्त करण्यास सारा फौजफाटा पुन्हा न्यावा लागतो. कॅमेरामन सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे होते व त्यांनी पूर्वी चलच्चित्रणाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता, हे लक्षात घेता रेखाटनांचे मोल अधिकच जाणवते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये काशगवताच्या फुललेल्या रानात अपू व दुर्गा आगगाडी पाहतात, त्या प्रसंगाने चित्रीकरणास आरंभ झाला. निम्मा भाग झाला. आठवड्याने मंडळी परत गेली, तो गुरांनी तुरे फस्त केलेले! उरलेला भाग पुढच्या हंगामापर्यंत लांबला. पुढे पैशाअभावी काम महिनोन्‌महिने बंद राहिले. मध्यंतरी मिठाईवाल्याची भूमिका करणारा नट वारला; दुसरा माणूस पाठमोरा दाखवून प्रसंग पुरा करण्यात आला. गुरे आणि मृत्यू यांवर चित्रवहीची मात्रा चालत नाही, हे खरेच. तथापि वर्षभराच्या अंतराने घेतलेले दोन तुकडे एकाच दुपारचे वाटावेत, तर ती दुपार आधी कोठेतरी पूर्णपणे पाहिलेली असावी लागते.

पुढे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या काळात पश्चिम बंगाल सरकारने अर्थसाहाय्य दिले. तेही, नावात ‘पथ’ असल्यामुळे की काय, रस्तेसुधारणेच्या खात्यातून. चित्रपट १९५५ मध्ये प्रदर्शित झाला व १९५६ मध्ये कान येथे गौरविला गेला.

आज शाळा किंवा ग्रामपंचायत मोबाईलवर लघुपट करू शकते. फिल्मचा फूट मोजावा लागत नाही. परंतु ऐन सुगीत ज्या शेतकऱ्यास कॅमेऱ्यापुढे उभे केले जाते, त्याचा दिवस मोजावाच लागतो. त्याला बोलावण्यापूर्वी शिक्षकाने वही घेऊन त्या बांधावर, त्याच वेळेस, एक फेरी मारावी. सूर्य कोणत्या बाजूस असतो, गिरणीचा आवाज केव्हा सुरू होतो हे टिपावे आणि चौकटी तेथेच बसून आखाव्यात. माणसे काड्यांची काढली तरी चालतील.